परक्या घरचे पान

‘वार लावून जेवणे’ हा वाक्प्रचार वर्गात आला, की हल्ली माझी पाच-दहा मिनिटे त्यातच जातात. मुलांना ‘वार’ म्हणजे तलवारीचा वार वाटतो, आणि जेवताना तो कशाला लावायचा हे त्यांना उमगत नाही. मग मी सांगते, की शिकायला पुण्याला किंवा सोलापूरला गेलेल्या गरीब मुलाचा सोमवार एका घरी असे, मंगळवार दुसऱ्या घरी. ज्या घरी जो वार, त्या घरी त्या दिवशी त्याचे पान मांडलेले असे. एखादा वार मिळाला नाही, तर त्या दिवशी उपास घडे. मुले ऐकून घेतात आणि त्यांतला एखादा विचारतो, ‘‘मॅडम, पण डबा का नाही लावायचे?’’

हा प्रश्न ऐकून मी हसते खरी, पण तो अगदीच भाबडा नाही. डबा लावला की पैसे दिले आणि प्रकरण मिटले. वारावर जेवणाऱ्याला तसे मिटवता येत नसे. त्या घरातल्या आजीबाईंचे सोवळे, यजमानांचा रागीट स्वभाव, धाकट्याची खोडी, न आवडणारी पडवळाची भाजी, या सगळ्यांशी त्याला जुळवून घ्यावे लागे. अर्थात ही सोय सगळ्यांच्या नशिबी नव्हती हेही मी मुलांना सांगते. वार मिळे तो बहुधा जातीतल्या मुलाला, जातीतल्याच घरी. इतरांसाठी कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहे उघडली, आणि साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुले एका वसतिगृहात, एका पंगतीला बसवली. तेव्हा कुठे त्यांच्या शिक्षणाची वाट मोकळी होऊ लागली.

हे सारे यंदा पुन्हा मनात आले ते माझ्या भाचीमुळे. ती पुण्याला असते. फिजिओथेरपी शिकली, एका दवाखान्यात दोन वर्षे नोकरी केली, आणि यंदा उन्हाळ्यात तिने घरात जाहीर केले, की मी नेपाळात सेवा करायला जाणार. एका संस्थेचे माहितीपत्रकही तिने आणले होते. चार आठवडे डोंगरातल्या खेड्यात राहायचे, तिथल्याच एका कुटुंबात जेवायचे, झोपायचे, गावातल्या अनाथालयातल्या मुलांना शिकवायचे, आणि शेवटी प्रशस्तिपत्र घ्यायचे. त्यासाठी संस्थेकडे भरायची रक्कम अशी होती, की आमच्या मोडनिंबच्या एखाद्या घराचा तेवढ्यात तीन-चार महिन्यांचा संसार व्हावा.

ताईचा मला फोन आला. पैशाचे तिला फारसे वाटले नव्हते. तिची काळजी निराळी होती. ‘‘अगं, परक्या देशात, परक्या घरात, तरुण मुलगी कशी ठेवायची? ना ओळख ना पाळख! तू तरी समजाव तिला. तिच्या मावशीचे ती ऐकते.’’

आमच्या सासूबाई शेजारीच गवार मोडत बसल्या होत्या. त्यांच्या कानांवर सारे पडत होते. मी फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘लग्न करून देताना मुलगी परक्याच घरात ठेवतात की! तीही जन्मभरासाठी. तेव्हा किती ओळख असते गं?’’ आणि पुन्हा गवार मोडू लागल्या. मी हे वाक्य ताईला जसेच्या तसे कळवले. तिकडून थोडा वेळ काहीच उत्तर आले नाही.

तरीही ताईच्या मनातला प्रश्न खरा होता, आणि भाचीच्या मनातली हौसही खरी होती. दोघींना काय सांगावे याचा विचार करताना मला आमच्या जिल्ह्यातला एक माणूस आठवला. दूर देशी सेवेला जाणे म्हणजे काय याचा धडा सोलापूरकरांना बाहेरून आणावा लागत नाही. तो आमच्या घरातच आहे.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापुरातला, १९१० सालचा. मुंबईच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले. पुढच्या परीक्षेची तयारी चालू असतानाच चीनमध्ये जपानी आक्रमणाने माजवलेल्या हाहाकाराच्या बातम्या येऊ लागल्या. तिथले सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मागणी केली, आणि सुभाषबाबू अध्यक्ष असताना काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवायचे ठरवले. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस असे ते पाच जण. १ सप्टेंबर १९३८ रोजी त्यांची बोट मुंबईहून निघाली. कोटणीसांना तेव्हा अठ्ठाविसावे वर्ष चालू होते. आपल्या घरातला या वयाचा मुलगा परीक्षा सोडून युद्ध चाललेल्या मुलखात निघाला, तर आपण काय म्हणू, याचा क्षणभर विचार करून पाहावा.

त्या पाचांपैकी चौघे पुढे-मागे परत आले. कोटणीस आले नाहीत. चीनला पोचून फार दिवस झाले नव्हते तोच इकडे त्यांचे वडील वारले. ती बातमी कळल्यावरही ते माघारी फिरले नाहीत. पथक येनानला पोचले, आणि तिथून कोटणीस पुढे उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, अगदी लढाईच्या तोंडाशी असलेल्या खेड्यांत गेले.

या खेड्यांत इस्पितळ म्हणजे काय असे? मोठी इमारत उभी करणे तिथे धोक्याचे होते. शत्रूला ती लगेच दिसे. म्हणून जखमी सैनिकांना गावातल्या घरांतून विभागून ठेवत. एका घरी दोन, दुसऱ्या घरी तीन. शेतकऱ्याच्या घरातली बाई त्यांना भरवी आणि डॉक्टर घरोघर फिरत. म्हणजे वार लावण्याचीच ही तऱ्हा, फक्त इथे जेवणाऱ्याला उठून बसण्याचेही त्राण नसे. खायला बहुधा राळे. आपल्याकडे भोगीला हौसेने राळ्याचा भात करतात. तिथे तो बारा महिने खायचा, तोही पोटभर मिळेल याची शाश्वती नाही. परदेशी डॉक्टर म्हणून वेगळे पान मांडून घेणे कोटणीसांनी मानले नाही. जे सगळ्यांना तेच त्यांना.

आणि ते भाषा शिकले. मराठीची अध्यापिका म्हणून मला त्यांच्या चरित्रातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. दुभाष्याच्या तोंडून रोग्याचे दुखणे ऐकून भागत नाही, हे त्यांनी लवकर ओळखले. चार वर्षांत ते चिनी बोलू लागले, लिहू लागले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले, आणि शल्यशास्त्राचा एक ग्रंथही त्यांनी चिनी भाषेत सिद्ध केला. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून याच भागात सेवा करता करता १९३९ साली वारले होते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ साली कोटणीसांकडे आले. लढाईच्या धुमश्चक्रीत सलग ७२ तास त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, असे सांगतात. त्याच वर्षाच्या अखेरीस क्वो चिंगलान या परिचर्या शिकवणाऱ्या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचे नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. मुलगा चार महिन्यांचाही झाला नव्हता, तोच ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने कोटणीस गेले. वय अवघे बत्तीस. शल्यशास्त्राचा दुसरा ग्रंथ अर्धवट राहिला.

पुढे १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, आणि ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हे नाव घरोघर पोचले. सोलापुरातल्या त्यांच्या जन्मघराचे आता स्मारक झाले आहे. १९६२ साली भारत आणि चीन यांच्यात युद्ध झाले आणि संबंध पार बिघडले. पण क्वो चिंगलान यांनी सासरच्या माणसांशी नाते राखले. त्या भारतात येत राहिल्या, आणि २०१२ साली त्या वारल्या.

पण भाचीला मी जे मुद्दाम लिहिले ते याहून लहान आहे. त्या डोंगरातल्या माणसांनी कोटणीसांना लाडाने जी नावे ठेवली होती, त्यांतल्या एकाचा अर्थ होतो ‘काळी आई’. त्यांच्या मानाने हा माणूस वर्णाने सावळा, आणि रोग्यांचे करायचा तो आईच्या मायेने. म्हणून हे नाव. चिनी शेतकऱ्यांना कुठे ठाऊक होते, की ज्या मुलखातून हा डॉक्टर आला तिथला शेतकरी आपल्या जमिनीला ‘काळी आई’च म्हणतो! आमच्याकडच्या ज्वारीच्या काळ्या रानात उभे राहिले, की मला हे नाव आठवते आणि कसेसेच होते.

माणूस परमुलखात किती दिवस राहिला, त्याने किती रोगी तपासले, किती मुले शिकवली, याचे हिशेब संस्थांनी ठेवावेत. घर असा हिशेब ठेवत नाही. ते फक्त एक करते: आलेल्याला एखाद्या नात्याने हाक मारू लागते, किंवा मारत नाही.

आपल्याकडे बाहेरून आलेल्यांकडे पाहा. अमेरिकेत १९६१ साली अध्यक्ष केनेडींनी ‘पीस कॉर्प्स’ स्थापन केली आणि त्याच वर्षाअखेर तिचे स्वयंसेवक भारतातही येऊ लागले. १९७६ पर्यंत ते इथे होते. या संस्थेची एक चाल चांगली आहे. दोन वर्षांच्या कामाआधी सुमारे तीन महिने तयारी करून घेतात, भाषा शिकवतात, आणि कितीतरी देशांत या काळात स्वयंसेवकाला तिथल्याच एखाद्या कुटुंबात ठेवतात. आधी घरात राहायला शीक, मग गावात कामाला लाग, असा तो क्रम. मुंबईच्या विक्रोळीला याच संस्थेतर्फे १९६६ साली एक परिचारिका आली. तिचे वय तेव्हा अडुसष्ट. जवळजवळ दोन वर्षे तिने तिथल्या दवाखान्यात महारोग्यांसकट सर्वांची शुश्रूषा केली. तिचे नाव लिलियन कार्टर. पुढे तिचा मुलगा अमेरिकेचा अध्यक्ष झाला तेव्हा जगाला ती ठाऊक झाली. अडुसष्टाव्या वर्षी आपल्याकडची माणसे काशीयात्रेचे बोलू लागतात. ही बाई विक्रोळीला निघाली.

आणि आमच्यापासून फार लांब नसलेल्या फलटणला डॉ. मॅक्सिन बर्नसन आल्या. त्याही अमेरिकेच्या. भाषेचा अभ्यास करायला म्हणून १९६६ साली फलटणला आल्या आणि तिथल्याच झाल्या. पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले, प्रगत शिक्षण संस्था काढली, आणि गोरगरिबांच्या मुलांना वाचायला कसे शिकवावे यात आयुष्य घातले. परदेशी माणसांना मराठी शिकवण्यासाठी त्यांनी जी पुस्तके तयार केली त्यांचा उपयोग आम्हां मराठीच्या शिक्षकांनाही होतो. त्यांना फलटणमध्ये ‘मॅडम’ म्हणत नाहीत. त्या ‘मॅक्सिनमावशी’. हे पद कुठल्या माहितीपत्रकात छापून मिळत नाही.

भाचीने यावर मला जे उत्तर पाठवले ते तुम्हांलाही सांगायला हवे. कारण ती बरोबर होती. ‘‘मावशी, कोटणीसांच्या वेळी युद्ध होते, आणि मॅक्सिनमावशींनी सारा जन्म दिला. मला रजा मिळते चार आठवड्यांची. मग माझ्यासारखीने जायचेच नाही का?’’

मी लिहिले, की जरूर जावे. पण चार आठवड्यांसाठी जाणार असशील तर शिकायला जाते आहे असे म्हणावे. सेवा हे नाव त्याला लावू नये. चार आठवड्यांत घराला तुझ्या सवयी कळतात आणि तुला घराच्या, तोवर निघायची वेळ होते. त्या महिन्याभरात सेवा होते ती त्या घराकडून तुझी. कुणीतरी आपली खाट तुला देते, पहाटे उठून तुझ्यासाठी पाणी तापवते, तिखट कमी घालते. मुलांचे तर आणखीच कठीण. दर महिन्याला नवी ताई यायची, जीव लावायची आणि निघून जायची, हे ज्या लेकरांच्या वाट्याला वर्षानुवर्षे येते त्यांच्या मनाचे काय होत असेल? त्यातही नेपाळातल्या कितीतरी अनाथालयांतल्या मुलांना आईबाप आहेत. शिकवतो असे सांगून त्यांना घरून आणलेले असते, आणि पैसे देणारे पाहुणे येत राहावेत म्हणून ठेवून घेतलेले असते. युनिसेफसारख्या संस्था याबद्दल कितीदा तरी बोलल्या आहेत.

म्हणून मी तिला तीन प्रश्न संस्थेला विचारायला सांगितले. तू भरतेस त्या पैशांतले त्या घरातल्या बाईच्या हातात किती पडतात? तू करणार ते काम करणारे माणूस गावातच असताना तुला तर नेत नाहीत ना? आणि त्या मुलांचे आईबाप कुठे आहेत? पहिल्या प्रश्नाला उत्तर आले, की कुटुंबांना ‘योग्य मोबदला’ दिला जातो. दुसऱ्याला आले, की आपल्या उत्साहाचे स्वागत आहे. तिसऱ्याला काहीच आले नाही.

भाचीने ते माहितीपत्रक बाजूला ठेवले. मला वाटले, हौस मावळली. पण तसे झाले नाही. तिने महिनाभर चौकशी केली आणि पोखऱ्याच्या पलीकडच्या डोंगरात एक लहानसे इस्पितळ शोधून काढले. तिथे हाड मोडलेल्या, पक्षाघात झालेल्या माणसांना चालते करण्यासाठी तिच्या विद्येचे माणूसच नव्हते. त्यांची अट सहा महिन्यांची आणि गावातल्या एका मुलीला हाताखाली घेऊन काम शिकवण्याची. तू गेल्यावर काम थांबू नये म्हणून. तिने नोकरीतून बिनपगारी रजा मागितली. ती मिळेना, तेव्हा नोकरी सोडली. ताईने आठ दिवस अबोला धरला आणि नवव्या दिवशी मेतकूट आणि तिळाची चटणी करायला घेतली.

भाची ज्या घरी राहते त्या घराला ती महिन्याचे पैसे स्वतःच्या हाताने देते. त्या घरातली बाई ते मोजून घेते. यात मला गैर काही वाटत नाही; पान फुकट नसते, आणि ते फुकट आहे असे दाखवण्यातच खोटेपणा येतो. सकाळी कोदोच्या पिठाचा ढिंडो. कोदो म्हणजे आपली नाचणी, आणि ढिंडो म्हणजे तिची घट्ट उकड. त्याबरोबर गुंद्रुक म्हणून पालेभाजी आंबवून, वाळवून केलेला आंबट प्रकार. पहिले पंधरा दिवस तो तिच्या घशाखाली उतरला नाही. लिपी आपलीच, देवनागरी, म्हणून वाचता लगेच आले. बोलायला दोन महिने लागले. सुरुवातीला घरातली बाई तिला ‘मिस’ म्हणे. श्रावणात केव्हातरी एकदा पावसात भिजून उशिरा परतली तेव्हा ती बाई तिच्यावर ओरडली, आणि ओरडताना ‘छोरी’ म्हणाली. छोरी म्हणजे मुलगी. भाचीने मला हे कळवले तेव्हा वर लिहिले होते, ‘‘मावशी, पास झाले.’’

आमच्या मोडनिंबपासून जवळच अरण आहे, संत सावता माळ्यांचे गाव. सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, पण आषाढ वद्यात विठ्ठलाचीच पालखी पंढरपूरहून अरणला येते. मळा सोडून सावतोबा कधी पंढरीला गेले नाहीत, म्हणून देवच त्यांच्या भेटीला गेला, अशी श्रद्धा आहे. मला या प्रथेत एक गोष्ट फार आवडते. देव झाला तरी भक्ताच्या गावी तो पाहुणाच. तिथे जे शिजले असेल ते गोड मानून घ्यायचे.

आता या गोष्टीतला माझ्या घरचा शेवटचा भाग. तो अजून पुरा झालेला नाही.

नेपाळात दिवाळीला तिहार म्हणतात. पाच दिवसांचा सण. पहिल्या दिवशी कावळ्याला घास, दुसऱ्या दिवशी कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ, मग गाय, आणि शेवटच्या दिवशी, आपल्या भाऊबीजेलाच, भाईटीका. त्या दिवशी बहीण भावाच्या कपाळी रंगीत टिळा लावते. भाचीच्या त्या घरात दोन मुली आहेत आणि त्यांना एक थोरला भाऊ आहे. तो सात वर्षे पुण्यात आहे, एका मोठ्या सोसायटीच्या फाटकावर. जिन्याखालच्या खोलीत राहतो. त्या सोसायटीत त्याला सगळे ‘बहादूर’ म्हणतात. त्याचे खरे नाव वेगळे आहे, ते भाचीला त्याच्या आईकडून कळले. आई तिला एकदा सहज म्हणाली, ‘‘तू माझ्याकडे जेवतेस, छोरी. माझ्या मुलाला तुमच्या पुण्यात कोण जेवायला वाढते?’’

भाचीने त्याचा ठावठिकाणा ताईला कळवला, आणि भाऊबीजेला त्याला घरी जेवायला बोलव असे लिहिले. ताई आणि भाऊजी त्याला जाऊन भेटले. तो येतो म्हणाला. पहिल्यांदा त्याला विश्वासच बसेना, मग रजेचे कसे जमेल याची काळजी करू लागला.

परवा ताईचा पुन्हा फोन आला. श्रीखंड करावे की बासुंदी, त्याला तिखट चालते का, ओवाळायला कुणाला बसवायचे, असे पुष्कळ बोलून झाल्यावर ती थोडी थांबली आणि म्हणाली, ‘‘आमच्याही फाटकावर एक आहे गं. पाच वर्षे झाली. फराळाची पुडी मी दर वर्षी देते त्याला, पण त्याचे नाव काही मला माहीत नाही. आज संध्याकाळी विचारून येते.’’